समोर दिसतं तेच काढतो? (प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

निसर्गचित्रांतल्या प्रतीकांबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं की कोकणातला चित्रकार माड आणि खाडी काढतो, कारण त्याच्यासमोर तेच असतं. त्यात जन्म-मृत्यू, काळ वगैरे शोधणं म्हणजे चित्रावर पुस्तकी अर्थ लादणं.

यातलं अर्धं मलाही मान्य आहे. 'निष्पर्ण झाड म्हणजे मरण' हा ठरीव अर्थ आपल्याकडे टिकतच नाही. फाल्गुनात पांगाऱ्यावर पान नसतं, आणि त्याच उघड्या फांद्या लालभडक फुलतात. त्या झाडाला युरोपातल्या हिवाळ्याचा अर्थ लावला तर चित्र वाचण्यातच गफलत होईल.

पण 'समोर आहे तेच काढलं' हे मला पटत नाही. सतराव्या शतकातल्या याकोब फान राउसडाल या डच चित्रकाराचं ज्यू दफनभूमीचं चित्र बघा. थडगी खरी आहेत, आम्स्टरडॅमजवळच्या औडरकेर्कची. तिथली जमीन मात्र सपाट. मागचे उंचवटे आणि पडकी वास्तू त्याने स्वतः आणून बसवली, पुढे वठलेलं झाड आणि थडग्यांजवळून धावणारा ओढा ठेवला, आणि वर इंद्रधनुष्यही. एवढं सगळं एका चौकटीत योगायोगाने येत नाही.

तुम्ही कोकणातल्या आंजर्ल्याच्या खाडीचा दाखला दिलात, तर तिथेच येतो. भरतीला तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, पाण्यात अर्धी बुडालेली असतात, होड्या डुलत असतात. साधारण सहा तासांनी त्याच जागी चिखल, त्यातून वर आलेली तिवरांची श्वासमुळं आणि कुशीवर कललेली होडी. दोन्ही देखावे तितकेच खरे. उधाणाचं पाणी काढायचं की उघडा पडलेला गाळ, हे खाडी ठरवत नाही, चित्रकार ठरवतो. मी प्रतीक म्हणतो ते या निवडीला.

सवयीने केलेली निवडसुद्धा बोलते. किनाऱ्यावरचं सुरूचं बन बहुतेक ठिकाणी वारा-वाळू अडवायला माणसाने लावलेलं, झाड मूळचं परमुलखातलं. तरी कोकणच्या चित्रात सुरू हमखास असतो. इथलीच उंडी आणि सुरंगी ही झाडं मात्र क्वचितच दिसतात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुम्ही स्वतः जलरंगात काम करता असं लिहिलंय. आंजर्ल्याचं चित्र कोणत्या वेळी रंगवलंत, भरतीला की ओहोटीला? आणि तीच वेळ का? जरूर कळवा.