कुरडई फुलते तशी

महिन्यातून एकदा मी ऑरहूसमधल्या खाटकाकडून डुकराची कातडी आणते. डेन्मार्कात तिचे तळलेले तुकडे सुपरमार्केटात चिप्सच्या शेजारी पिशव्यांतून मिळतात. लोक त्यांना 'फ्लेस्कस्वेअर' म्हणतात आणि बिअरबरोबर खातात. मला घरी केलेलेच आवडतात, कारण त्यांची रीत थेट आजीच्या वाळवणाची आहे.

कातडी मिठाच्या पाण्यात तासभर उकळायची. गार झाली की सुरीच्या पाठीनं आतली चरबी खरवडायची, अगदी निव्वळ कातडी उरेपर्यंत. चरबी राहिली तर तुकडा फुलत नाही, चिवट होतो. मग बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून मंद ओव्हनमध्ये, ८०-९० अंशांवर, सहा-सात तास सुकवायच्या. पट्टी मधाच्या रंगाची होते आणि ताटात टाकली की खणकन वाजते. एवढी सुकली तरी आत किंचित ओल असतेच. कडकडीत तेलात त्या ओलीची वाफ होते आणि तीच कातडीला फुगवते. कुरडई फुलते तशी. गरम असतानाच वर मीठ-तिखट भुरभुरायचं, लिंबू पिळायचं, शेजारी शेंगदाण्याची चटणी.

२०२५च्या १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवली महापालिकेनं मांसाची दुकानं बंद ठेवायला लावली, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर रात्रभर भांडण चाललं. भाच्यानं लिहिलं, "मावशी, तुमच्याकडे बरंय, कोण काय खातं ते कुणी विचारत नाही."

विचारतात रे. ऑरहूसहून चाळीसेक किलोमीटरवर रॅनर्स नावाचं गाव आहे. तिथल्या नगरपरिषदेनं जानेवारी २०१६मध्ये निसटत्या बहुमतानं ठराव केला, की पाळणाघरांसारख्या सरकारी संस्थांतल्या जेवणात डॅनिश पदार्थ हवेत, त्यात डुकराचं मांसही हवं. कुणावर सक्ती नाही, असं ठराव मांडणारे सांगत होते. पण रोख मुसलमान कुटुंबांकडे आहे, हे सगळ्यांना कळत होतं. तिकडे दुकान बंद करायचं, इकडे ताटात वाढायचंच, आणि दोन्हीकडे तोंडी शब्द एकच: आपली संस्कृती. लेकरांच्या ताटावरून मतं मोजणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

तरी दोन्ही गोष्टी एका तराजूत घालायला मी तयार नाही. इथे घर भाड्यानं घेताना माझ्या कढईची चौकशी कुणी केली नाही. पुण्यात केली होती. आडनाव विचारून झाल्यावर घरमालकीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे वास चालत नाही." आम्ही जिना उतरलो.

नांदेडला आमच्या वस्तीत रविवारी गवताच्या जाळावर डुक्कर भाजलं जायचं. भाजक्या कातडीचे तुकडे पोरांच्या हातावर पडायचे. बोटं पोळायची, तरी कुणी टाकायचं नाही. सोमवारी शाळेत कुणी विचारलं तर "वरण-भाकर" म्हणायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप कळलं होतं.

म्हणून बंदीवरचा वाद मला अर्धाच वाटतो. खाटकाचा एक दिवसाचा धंदा बुडतो, तो बुडू नये, यात शंका नाही. पण मटणाच्या बाजूनं तावातावानं बोलणारे माझेच मित्र डुकराचं नाव निघालं की "शी" म्हणतात. महापालिकेचा आदेश एका दिवसाचा असतो. ही "शी" मी आयुष्यभर ऐकत आले आहे आणि ती मला आदेशापेक्षा जास्त लागते. खाऊ नका, कुणाचा आग्रह नाही. पण जी माणसं खातात, त्यांच्यासमोर नाक मुरडू नका.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसातली माणसं जेवायला आली. त्यात एक सोमाली मैत्रीण होती, ती डुकराचं खात नाही. तिच्यासाठी मी आधी, वेगळ्या कढईत, कोऱ्या तेलात आईनं पाठवलेल्या गव्हाच्या चिकाच्या कुरडया तळल्या. मग कातडी तळली. दोन वाडगे टेबलाच्या दोन टोकांना ठेवले. तिनं कुरडई मोडून खाल्ली, पलीकडच्या वाडग्याकडे बघितलं आणि विचारलं, "तेही असंच फुलतं का?"

"असंच," मी म्हणाले, आणि तिला सगळी रीत सांगितली.