'यूट्यूब बघून लिहिलंय' म्हणणाऱ्या वाचकांना, स्लॅपबॅकबद्दल

कंट्री गिटारच्या डिलेवर, म्हणजे वाजवलेली नोट क्षणभराने परत ऐकवणाऱ्या इफेक्टवर मी मागे लिहिलं होतं. त्यात मुख्य भर स्लॅपबॅकवर होता, म्हणजे मूळ नोटेच्या अगदी पाठोपाठ येणारा एकच रिपीट. त्याखाली एक तिखट प्रतिक्रिया आलीये. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. "120 मिलीसेकंद लावा आणि विसरून जा हा सल्ला म्हणजे नवशिक्यांची दिशाभूल आहे. डिले गाण्याच्या टेम्पोशी जुळलाच पाहिजे, टॅप टेम्पो त्यासाठीच असतो. कम्प्रेसरची जागा चुकलीये, अँपचं चुकलंय, नॉबचे आकडे बिनकामाचे. एकूण काय, यूट्यूब बघून लिहिलंय." (टॅप टेम्पो म्हणजे ठेक्यावर बटण दाबून डिलेची वेळ ठरवायची सोय, आणि कम्प्रेसर म्हणजे मोठा आणि बारीक आवाज एका पातळीला आणणारं पेडल.)

मुद्द्याकडे येतोच, पण आधी शेवटच्या वाक्याबद्दल. मत वेगळं असू द्या, त्यात काही वाईट नाही, पण समोरच्याने काय केलंय हे माहीत नसताना असं फेकून द्यायचं याला काय म्हणायचं? मी ह्यूस्टनला आल्यापासून इथल्या एका बँडमध्ये टेली (फेंडरची टेलिकास्टर गिटार) वाजवतोय, शनिवारी रात्री बारमध्ये, समोर लोक टू-स्टेप नाचत असतात. आमच्यात पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची, पेडलवाली गिटार) वाजवणारे एक आजोबा आहेत, सत्तरी ओलांडलेले. मी नवीन असताना दोन गाण्यांच्या मधे ते उठले, माझ्या पेडलबोर्डपाशी वाकले, रिपीटचा (नोट किती वेळा परत यायची त्याचा) नॉब पूर्ण खाली केला, मिक्स (मूळ आवाजात रिपीट किती मिसळायचा ते) अर्ध्यावरनं बराच मागे आणला आणि एक शब्द न बोलता जाऊन बसले. पुढच्या गाण्यात ब्रिज पिकअपचा (तारांच्या टोकाशी, ब्रिजजवळ आवाज पकडणारा भाग) तोच कडक आवाज एकदम भरीव झाला, आणि डिले लावलाय हे कोणाला कळतही नव्हतं. हे मला कुठल्या व्हिडिओने शिकवलेलं नाही. तुम्ही कुठे वाजवता हे मात्र तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

आता 120 मिलीसेकंदांचं. पहिली गोष्ट, "विसरून जा" असं मी लिहिलेलंच नाही, पोस्ट परत वाचा. मी लिहिलं होतं की 100 ते 140 च्या मधे कानाने शोधा, मी स्वतः 120 च्या आसपास असतो. आणि "जुळलाच पाहिजे" हे तुम्ही कुठून आणलंत? हा आवाज जिथून आला तिथे जुळवायची सोयच नव्हती. मेम्फिसला सन स्टुडिओत त्याचे मालक सॅम फिलिप्स दोन अँपेक्स टेप मशीन वापरायचे, रेकॉर्ड हेडवर गेलेला आवाज थोडं पुढे असलेल्या प्लेबॅक हेडवर पोचायला जेवढा वेळ लागेल तेवढा डिले. टेप सेकंदाला 7.5 इंच पळतेय आणि दोन हेडमधलं अंतर इंचभर धरलं तर होतात 133 मिलीसेकंद, 15 इंचाने पळवली तर त्याच्या निम्मे. मधलं काही नाही. गाणं सावकाश असो की पळतं, मशीन काय ते ठरवणार. एल्विस प्रेस्लीचे गिटारिस्ट स्कॉटी मूर 1955 पासून जो इकोसॉनिक अँप वापरायचे, रे बट्स यांनी इलिनॉयच्या कैरो गावात बनवलेला, त्याच्या पोटातही टेपच होती, तीही एकाच वेगाने फिरणारी. टॅप करायला तिथे होतं काय?

बरं, इतिहास सोडा, तुमच्याच नियमाने जाऊ. मिनिटाला 120 ठोक्यांच्या टेम्पोला सोळावा भाग (म्हणजे पाव ठोका) 125 मिलीसेकंद येतो, म्हणजे माझ्या आकड्याच्या शेजारीच, तिथे भांडण नाही. आता 200 चं पळतं गाणं घ्या, सोळावा भाग 75 वर आला, चिकन पिकिंग चाललंय, मधल्या मधे दाबून मारलेल्या तुटक नोट्स, आणि तुमचा रिपीट बरोब्बर पुढच्या नोटेच्या डोक्यावर येऊन बसतोय, मग तो तुटकपणा ऐकू येणार कसा? उलट 80 च्या संथ गाण्यात तोच भाग 187 वर जातो आणि रिपीट वेगळा मोजता येतो, एक नोट मारली की दोन ऐकू येतात. स्लॅपबॅक ठेका धरायला नसतोच, तो नोटेला अंग द्यायला असतो, टेलीचा ब्रिज पिकअप नुसता ऐका, किती कोरडा आणि टोकदार लागतो ते कळेल. म्हणून एकच रिपीट, मूळ नोटेपेक्षा बराच बारीक आवाजात, आणि थोडासा लयीच्या बाहेर असला तर जास्तच बरा.

टेम्पो जिथे लागतो ते वेगळं काम आहे. गिटारिस्ट अल्बर्ट ली करतात तसं डॉटेड एट्थ (म्हणजे पाऊण ठोका), 120 च्या टेम्पोला 375 मिलीसेकंद, आपण आठव्या भागाच्या (अर्ध्या ठोक्याच्या) नोट्स मारायच्या आणि मधल्या जागा डिलेने भरायच्या, की ऐकणाऱ्याला सोळाव्याचा पाऊस वाटतो. तिथे पाच-दहा मिलीसेकंद इकडेतिकडे झाले तरी सगळं कोसळतं, तिथे खुशाल टॅप करा. हे मूळ पोस्टमध्ये शेवटी आहे, पण शेवटपर्यंत वाचायला हवं ना.

एक तुमचं मान्य. नॉब नऊ वाजता (घड्याळाच्या काट्यासारखा) ठेवा असं लिहिलं होतं, ते प्रत्येक पेडलवर सारखं मिळत नाही, माझ्या अॅनलॉग पेडलवर नऊ वाजता जे मिळतं ते डिजिटलवर मिळेलच असं नाही. तिथे तशी ओळ टाकलीये.

अँपचं म्हणाल तर जुन्या पद्धतीच्या फेंडर अँपला इफेक्ट्स लूप (अँपच्या आतल्या टप्प्यांच्या मधे पेडल जोडायची सोय) नसतो, डिले अँपच्या इनपुटच्या आधीच लावावा लागतो, त्यात चूक-बरोबर काय. आणि कम्प्रेसर डिलेच्या आधीच. नंतर लावलात तर नोट विझायला लागली की तो रिपीट वर ओढतो आणि सगळी मेहनत वाया. पटत नसेल तर दोन्ही उलटसुलट लावून रेकॉर्ड करा आणि क्लिप इथेच टाका, मी ऐकेन. पुढच्या वेळी मात्र आधी वाजवा, मग लिहा.