वादळ लोड होतंय

शुक्रवारी आठवीला मी चक्रीवादळ शिकवणार होतो. शाळेला देणगीत मिळालेल्या टीव्हीवर, उपग्रहाच्या हलत्या चित्रांसकट. त्यापायी आदल्या रात्री साडेअकरापर्यंत जागलो. सापडलेले निम्मे व्हिडिओ फ्लोरिडातले. एकात भारताचा नकाशा होता, पण काश्मीरचा वरचा भाग कुणीतरी परस्पर छाटलेला. तो वर्गात लावला असता, तर वादळ थेट माझ्या नोकरीवर आदळलं असतं. शेवटी 3 जून 2020 चं 'निसर्ग' सापडलं. आमचंच, रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकलेलं. पेन ड्राइव्हवर घेतलं आणि समाधानाने झोपलो.

टीव्हीने पेन ड्राइव्हला ओळखच दाखवली नाही. मग माझा मोबाइल, माझा रोजचा दीड जीबी. वर्गात रेंज फक्त तिसऱ्या खिडकीत येते, म्हणून शिपाईमामा गजांतून हात बाहेर काढून फोन धरून उभे राहिले. (टीव्ही आला तेव्हा फीत कापायला सात जण होते. इंटरनेटचं बिल कोण भरणार, असं मी विचारल्यावर सातही जणांना पुढचा कार्यक्रम आठवला.) आधी केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात झाली, ती मात्र एकदाही अडकली नाही. मग काळा पडदा आणि त्यावर गरगर फिरणारं पांढरं वर्तुळ.

नेमके तेव्हाच साहेब आले.

"चालू द्या, चालू द्या," म्हणाले. आमच्या खात्यात याचा अर्थ सगळं थांबवून उभे राहा, असा होतो.

"घटक कोणता?"

"चक्रीवादळ, साहेब."

साहेबांनी टीव्हीकडे पाहिलं. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिलं. चेहरा उजळला. "वा! काय फिरतंय! बघा मुलांनो, याला म्हणतात चक्रीवादळ. आमच्या वेळी फळ्यावर खडूने गोल काढायचे मास्तर. तुम्ही नशीबवान!"

मला आधी वाटलं, गंमत करताहेत. पण साहेब खिशातून पेन काढून पडद्याजवळ गेले आणि पेनाने त्या वर्तुळाचा पाठलाग करू लागले. "हे असं वारं फिरतं. असं... असं..." तोंड उघडावं, तर साहेबांच्या हातात माझी शेरेपुस्तिका. मी तोंड मिटून घेतलं. त्याची लाज अजून वाटते.

पहिल्या बाकावरचा पोरगा, जो एरवी खिडकीबाहेरच्या माडाशी जास्त बोलतो, त्याने हात वर केला. "सर, हे घड्याळाच्या दिशेने फिरतंय. आपल्याकडचं उलट फिरतं ना? म्हणजे हे दक्षिण गोलार्धातलं."

मागून दुसरा म्हणाला, "आणि याचा डोळा बघा केवढा! नुसता डोळाच आहे."

त्या क्षणी मला दोघांनाही पैकीच्या पैकी गुण द्यावेसे वाटले. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात, हे गेल्या आठवड्यात मी फळ्यावर, खडूनेच, शिकवलं होतं. म्हणजे पोहोचलं होतं तर! साहेब म्हणाले, "हुशार आहेत. पण दिशा-बिशा पुढच्या वर्षी."

मग ती मुलगी उठली. 'निसर्ग' आलं तेव्हा ती जेमतेम शाळेत जायला लागली होती. "सर, आमचे पत्रे गेले होते. आजीने मला खाटेखाली घातलं होतं. सुपारीची वाडी आख्खी आडवी."

वर्ग गप्प झाला. बोलावं ते इथेच, असं मला वाटलं, आणि साहेब म्हणाले, "बाळ, ते नंतर. आधी पडद्याकडे बघ."

खरं तर कपाटात एक पृथ्वीगोल आहे. त्यावर सोव्हिएत संघ अजून अखंड आहे, आणि स्क्रू ढिला झाल्याने आस साडेतेवीसऐवजी चाळीसेक अंशांनी कललेला. पण तो हातात धरून मी वर्षानुवर्षं वारे वळवलेत. त्याचा फोटो मात्र कुणी कधी मागितला नाही. टीव्हीचा मागतात. अक्षांश-रेखांशाचा शिक्का असलेला, मुलांचे चेहरे पडद्याकडे, शिक्षकाचं बोट पडद्यावर. मी बोट ठेवलं. वर्तुळावर. साहेबांनी तीन फोटो काढले, वहीत 'दृकश्राव्य अध्यापन उत्तम' असा शेरा मारला आणि गेले. मामांनी हात आत घेतला, तर कोपरापासून गजाचे वळ उठलेले.

संध्याकाळी फोन आला.

"सर, फोटो परत आला हो. माझ्या मोबाइलने जुनंच लोकेशन पकडलं. अक्षांश-रेखांश आमच्या घरचे पडलेत. सोमवारी तीच मुलं, तशीच बसवा."

"बरं, साहेब."

"आणि वादळ तेच लावा. छान फिरत होतं."