रॅमचा दर आम्ही वाढवलेला नाही: दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. वडिलांसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवरून तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं की आम्हालाही जेवण गोड लागत नाही.

पण तुम्ही चारचौघांत लिहिलंय, तर उत्तरही चारचौघांतच देतो. तुमचं म्हणणं असं, की गणपतीतल्या कोटेशनपेक्षा डिसेंबरच्या बिलात 6,200 रुपये जास्त लावले, तोच प्रोसेसर ऑनलाईन स्वस्त मिळतो, लाईट गेल्यावर बॅटरीवर चालवणारा यूपीएस वडिलांच्या गळ्यात मारला. आणि शेवटची ओळ, ‘कोल्हापुरात लुटतात, पुण्यातूनच घ्यायला हवा होता.’ बाकीचं एक वेळ पोटात घातलं असतं. त्या 6,200 चं मात्र जात नाही, म्हणून त्याचाच हिशेब आधी मांडतो.

कोटेशन ऑगस्टच्या शेवटचं, तुम्ही गणपतीला घरी आला होता तेव्हाचं. त्यात 16 जीबी डीडीआर4 रॅम (मशीनची काम करतानाची मेमरी), म्हणजे आठ-आठच्या दोन स्टिक, 3,500 ला आणि फाईली साठवायची 500 जीबीची एनव्हीएमई एसएसडी 2,900 ला धरली होती. ऑर्डर तुम्ही दिली डिसेंबरात. बिलात रॅम 8,300 आणि एसएसडी 4,300. वजाबाकी करून बघा, 4,800 आणि 1,400, झाले 6,200. म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, कॅबिनेट, आतल्या पार्टना वीज पुरवणारा एसएमपीएस, मॉनिटर, कीबोर्ड-माऊस, यूपीएस यांत मिळून एक रुपया वाढलेला नाही. बिल तुमच्याकडे आहे, जीएसटीचं पक्कं बिल, प्रत्येक पार्टची ओळ वेगळी. ज्याला लुटायचंय तो ओळी वेगळ्या लिहीत बसत नाही. ‘असेंबल्ड पीसी, एक नग’ लिहून मोकळा होतो.

आता रॅम का वाढली? ती आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीत वाढली नाही साहेब, जगात वाढली. जगातली बहुतेक रॅम मोजून तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या महागड्या मेमरीला मागणी आली, कारखान्यांतली क्षमता तिकडे वळली आणि घरगुती मशीनच्या रॅमचा तुटवडा पडला. डीडीआर4 तर आधीच जुनी म्हणून कमी होत चाललेली. 2025 च्या दसऱ्यापासून भाव भराभर चढायला लागले. डिसेंबरच्या सुरुवातीला त्या तिघांपैकीच मायक्रॉन कंपनीने क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तुम्ही स्वतः आयटीत आहात, ही बातमी तुमच्या आधी माझ्यापर्यंत आली असेल असं वाटत नाही. त्या दिवसांत डिस्ट्रिब्युटरला सकाळी विचारलेला भाव संध्याकाळी राहत नव्हता. एका स्टिकमागे आम्हाला शे-दीडशे सुटतात, भाव 1,750 असो की 4,150. उलट भाव वाढला की आमचंच भांडवल जास्त अडकतं.

कुणी म्हणेल, जुन्या भावाचा माल दुकानात नव्हता का? होता थोडा. तो दसरा-दिवाळीत गेला. ज्यांनी तेव्हा पैसे दिले त्यांना तेव्हाच्या भावाने दिला. तुमच्यासाठी चार महिने बाजूला काढून ठेवायला तुमचा एक रुपयाही ॲडव्हान्स नव्हता. कोटेशनच्या खाली ‘दर तीन दिवसांपुरते’ असं छापलेलं असतं, तुमच्याही कोटेशनवर आहे.

आणि हे सगळं मी बिल करायच्या आधी फोनवर सांगितलं होतं. वर एक मार्गही सुचवला होता. आत्ता आठचीच एक स्टिक लावू, तुमच्या एच610 बोर्डवर रॅमचे दोन स्लॉट आहेत, दुसरा रिकामा ठेवू, भाव उतरले की पुढच्या वर्षी दुसरी टाकू. विंडोज 11 ला कमीत कमी 4 जीबी लागते. पेपर वाचणं, सातबारा काढणं, नातवाशी व्हिडिओ कॉल आणि थोडं लिखाण, याला 8 जीबी पुष्कळ झाली. तसं केलं असतं तर बिल 6,200 नं नाही, जेमतेम दोन हजारांनी वाढलं असतं. तुम्हीच म्हणालात, ‘नको, सोळाच टाका, परत परत कोण उघडत बसणार.’ त्यानंतर ‘ओके, करा’ असा तुमचा मेसेज आहे. तो इथे चिकटवत नाही. पण आहे.

प्रोसेसरचं. तुम्ही ऑनलाईन किमतीचा जो फोटो टाकलाय, तो नीट बघा. तो आय3-12100 एफ आहे. आम्ही बसवलाय तो नुसता 12100. त्या एका ‘एफ’चा अर्थ, पडद्यावर चित्र पाठवणारं ग्राफिक्स आत नाही. तो लावला असता तर बोर्डवरच्या एचडीएमआयला वायर जोडून काका, म्हणजे तुमचे वडील, काळ्या पडद्यासमोर बसले असते, आणि वेगळं कार्ड घ्यावं लागलं असतं. यूट्यूब बघून तुम्ही आणलेल्या यादीत तसं एक 2 जीबीचं जुन्या पिढीचं कार्ड होतंच. ते मी काढायला लावलं, कारण साध्या 12100 मधलं आतलंच ग्राफिक्स, यूएचडी 730, घरच्या कामाला सहज पुरतं. तिथे तुमचे चार हजार वाचले. रिव्ह्यूत 6,200 आले, हे चार हजार कुठे आले नाहीत.

तीच गोष्ट लाईटवाल्या काचेच्या कॅबिनेटची. सत्तरीच्या माणसाच्या टेबलावर रंगीबेरंगी पंखे कशाला हवेत? त्या पैशात साधं कॅबिनेट, बऱ्या कंपनीचा एसएमपीएस आणि 22 इंची आयपीएस मॉनिटर बसला. बजेटच्या मशीनमध्ये लोक नेमका एसएमपीएसवर हात आखडतात, आणि तो गेला की कधी कधी बोर्डला सोबत घेऊन जातो. आमच्याकडे रिपेअरला येणाऱ्यांत हे नेहमीचं आहे.

यूपीएसचं ऐकून खरं तर वाईट वाटलं. ‘घरात इन्व्हर्टर असताना’ असं तुम्ही लिहिलंय. इन्व्हर्टर आहे, पण त्याची लाईन दिवे आणि पंख्यांना आहे, काकांच्या टेबलाजवळच्या प्लगला नाही. आमचा मुलगा मशीन जोडायला गेला तेव्हा त्याने मेन स्विच बंद करून बघितलं, काकांच्या समोर. पंखा फिरत राहिला, मॉनिटर गेला. त्यावर काका स्वतः म्हणाले, ‘मग ते बॅटरीचं डबडं पण देऊन टाका.’ 600 व्हीएचा साधा यूपीएस आहे, फाईल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता. गळ्यात मारायचा असता तर एक हजार व्हीएचा मारला असता.

जुनं मशीनच चाललं असतं, असंही तुम्ही जाता जाता म्हटलंय. चाललं असतं, मी नाही म्हणालो नव्हतो. त्यात चौथ्या पिढीचा आय3 प्रोसेसर, त्याला विंडोज 11 अधिकृतपणे चढत नाही, आठव्या पिढीपासून पुढे चालतं. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, पण नाव नोंदवलं तर आणखी एक वर्ष सुरक्षेचे अपडेट मिळतात, हेही मीच सांगितलं होतं. नवीन मशीन विकायची घाई असणारा दुकानदार हे सांगेल का? तुम्हीच म्हणालात, बँकेचं काम असतं, नवीनच करू.

काका दुकानात स्वतः आले होते, हे तुम्हाला माहीत आहे की नाही कोण जाणे. निवृत्त शिक्षक, मराठीत लिहायचं होतं त्यांना. मराठी कीबोर्ड चालू करून दिला, अक्षरांचे स्टिकर लावले, स्क्रीनवरची अक्षरं दीडपट केली. ‘दुसऱ्या’ लिहिताना ते अडले, साधा र उमटत होता. शिफ्ट धरून इंग्रजी ‘J’ चं बटण दाबा म्हटलं, मग ‘ऱ्या’तली ती आडवी रेघ आली तशी दोन-तीनदा पुसून परत लिहून बघितलं त्यांनी. दुकानात गर्दी होती, तरी कुणी त्यांना उठवलं नाही. याचे पैसे बिलात कुठे दिसतात का बघा.

राहिलं पुणं. पुण्यात स्वस्त मिळत असेल, मोठी बाजारपेठ आहे. पण पुण्याचं मशीन बंद पडलं तर काका ते घेऊन पुण्याला जाणार का? आणि कोल्हापूरवाल्यांना लुटारू म्हणायच्या आधी एवढं विचारा कुणालाही. 2019 च्या पुरात व्हीनस कॉर्नरला पाणी आलं, तेव्हा आमचं दुकान शाहूपुरीत होतं. आधी गिऱ्हाइकांची रिपेअरला आलेली मशीन वर नेली, आमचा माल नंतर. निम्मा गेला. एकाही गिऱ्हाइकाचं मशीन भिजलं नाही. लहान दुकान आहे, भाडं आहे, दोन पोरांचे पगार आहेत. आजकाल माणूस पायरी चढायच्या आधी स्टार बघतो. परवाच एकानं फोनवर विचारलं, ‘ते रॅमचं काय झालं होतं हो तुमच्याकडे?’ काय सांगायचं राव.

रिव्ह्यू काढून टाका असं म्हणणार नाही, तो तुमचा हक्क. ‘लुटतात’ तेवढं जमलं तर बघा. आमच्या बाजूने कोटेशनवरची मुदत आता वरच आणि ठळक छापून घेऊ, आणि फोनवर ठरलेलं सगळं मेसेजवरही टाकत जाऊ. इतरही काही सुधारणा मनात आहेत.

एक राहिलंच. जुन्या मशीनची हार्डडिस्क अजून दुकानात आहे. त्यातले फोटो आणि काकांचे कागद नवीन मशीनमध्ये टाकलेत, तरी मूळ डिस्क घरी असलेली बरी. तुम्ही याल तेव्हा घेऊन जा, नाहीतर काकांकडे पोचवतो. सोमवारी दुकान बंद असतं.