यान उडालं की काय बोलावं

श्रीहरीकोट्याहून यान उडालं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिरंग्यांचा पाऊस पडतो. त्यात तुम्हीही एक तिरंगा टाकलात तर तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून पाच-दहा मिनिटं जाऊ द्यावीत आणि मग एकच ओळ टाकावी : 'आधी खड्डे बुजवा म्हणावं...' पुढे काही लिहू नये. ती तीन टिंबं मात्र विसरू नयेत, विचारवंत तिथेच ओळखू येतो.

मुहूर्त यशाचाच धरावा. मोहीम फसल्यावर 'पैसे पाण्यात' म्हणणारे पैशाला पासरी मिळतात. सप्टेंबर २०१९मध्ये विक्रम लँडर चंद्रावर आपटला तेव्हा असे कितीतरी निघाले. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी चांद्रयान-३ अलगद उतरलं, लोक पेढे वाटत होते, तेव्हा ज्याला गरिबांची आठवण झाली तो खरा. गरिबांची आठवण अशी मोहिमेगणिकच काढावी. रोज काढायला लागलं की कामवाल्या मावशी पगारवाढ मागतात.

आकडा एकच पाठ करावा : ६१५ कोटी. चांद्रयान-३चा खर्च. 'एवढ्यात किती शाळा झाल्या असत्या?' असं विचारावं आणि चहाचा घोट घ्यावा. उत्तर काढत बसू नये. दुसरा कुठलाही आकडा तर जवळसुद्धा फिरकू देऊ नये. २०२४-२५चा केंद्राचा अर्थसंकल्प सुमारे ४८ लाख कोटींचा होता, त्यातले अंतराळ विभागाला १३ हजार कोटी. म्हणजे शंभर रुपयांतले सत्तावीस पैसे. त्याच वर्षी एकट्या मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प जवळजवळ ६० हजार कोटींचा. म्हणजे ज्यांनी खड्डे बुजवायचे त्यांच्याकडे चंद्रावर जाणाऱ्यांच्या साडेचार पट पैसा आहे! हे तुमच्या तोंडून निसटलं की संपलं. सगळा वाद इस्रोच्या बंगळुरूहून उठून वॉर्ड ऑफिसात जाऊन बसतो, आणि वॉर्ड ऑफिस स्कूटरवरून दहा मिनिटांवर असतं. कुणीतरी म्हणतं, 'चला, जाऊन विचारू या.'

हा धोका ओळखून गल्लीच्या तोंडाशी असलेला फलक वाचायचं टाळा. त्यावर कामाचं नाव, ठेकेदार, रक्कम लिहिलेली असते आणि सगळ्यांत खाली 'दोषदायित्व कालावधी'. तेवढ्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. हे वाचलंत की तारखा मोजाव्याशा वाटतात, मोजल्या की अर्ज करावासा वाटतो, अर्ज केला की पोच घ्यायला पुन्हा खेप. सुदैवाने फलकावर बहुधा कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स ताणलेला असतो, त्यामुळे न वाचणं फार अवघड जात नाही. गणपतीच्या आदल्या आठवड्यात ट्रॅक्टरमधून खडी येते, डबक्यातलं पाणीही न उपसता तिच्यावर डांबर ओततात, विसर्जनापर्यंत ती खडी आपल्या टायरखाली. तेव्हा त्या माणसांशी न बोलता इस्रोवर बोलावं. इस्रोला कितीही शिव्या घाला, रात्री दारात काळ्या काचांची गाडी येऊन उभी राहत नाही.

मुंबई-गोवा महामार्गाचा दाखला देताना जरा जपून. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११मध्ये सुरुवात झाली. मंगळयानाला सरकारची मंजुरी त्यानंतर, ऑगस्ट २०१२मध्ये. ते नोव्हेंबर २०१३मध्ये उडालं आणि साडेचारशे कोटींच्या खर्चात, ६५ कोटी किलोमीटर तुडवून २४ सप्टेंबर २०१४ला मंगळाच्या कक्षेत पोचलंसुद्धा. चाकरमानी त्यानंतरही वर्षानुवर्षं गणपतीला माणगावच्या कोंडीत. कुणी खोडसाळपणे म्हणेल, 'मग रस्ताच इस्रोकडे द्या.' त्याला सांगावं, मंगळावर भूसंपादन करावं लागत नाही. हे खरंही आहे, त्यामुळे तो गप्प बसतो.

एखादा उपग्रहांचे फायदे सांगायला लागेल. १९९९च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३च्या फायलिन चक्रीवादळाच्या वेळी आधीच लाखो लोक हलवले, मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. तुम्ही म्हणा, ते श्रेय हवामान खात्याचं आणि ओडिशा सरकारचं. अर्धं खरं आहे, वादाला पुरतं. मग तो कोकणातल्या बंदरांवर येईल : समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि रंग उपग्रहावरून टिपून हैदराबादची इन्कॉइस संस्था मासळी कुठे सापडेल ते कळवते, बंदरापासून दिशा, अंतर, पाण्याची खोली. बोट चालवणारा तांडेल तेवढं डिझेल वाचवतो. इथे विषय बदलावा. सुरमईचे भाव विचारावेत.

समर्थकांकडे विक्रम साराभाईंचं वाक्य तयार असतंच : प्रगत तंत्रज्ञान माणसांच्या खऱ्या प्रश्नांना लावण्यात आपण कुणाच्या मागे राहता कामा नये. त्याच्या आधी ते असंही सांगून गेले होते की चंद्र, ग्रह किंवा अंतराळात माणूस पाठवणं यांत श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याची स्वप्नं आपण बघत नाही. तो भाग कुणी फॉरवर्ड करत नाही. आणि सप्टेंबर २०२४मध्ये माणूस अंतराळात नेणाऱ्या गगनयानाची मंजूर रक्कम २०,१९३ कोटींवर गेली. त्याच दिवशी मंजूर झालेल्या शुक्राच्या मोहिमेला १,२३६ कोटी. यंत्र पाठवून जे कळतं त्याहून जास्त काय कळावं म्हणून माणूस पाठवायचा, हा प्रश्न मला तरी विचारण्यासारखा वाटतो. तुम्ही विचारू नका. त्यासाठी वाचावं लागतं, आणि विचारलात तर तिरंगावाले तुम्हाला देशद्रोही म्हणतील, खड्डेवाले इस्रोचा माणूस. वर ॲडमिन सांगेल की ग्रुप फक्त पाण्याच्या टँकरसाठी आहे.

लिहिलेला मजकूर पुसू नका, जपून ठेवा. अंतराळ स्थानक २०३५पर्यंत आणि चंद्रावर भारतीय माणूस २०४०पर्यंत, असं जाहीर झालेलं आहे. दोन्ही वेळेला उपयोगी पडेल. महामार्गाचं वाक्य तेवढं टाकण्याआधी एकदा तपासून घ्या. तोवर झालाच पुरा, तर पंचाईत नको.