लेसर झालेल्या डोळ्यात लेन्सचा नंबर का चुकतो : तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुम्ही लिहिलंत, की पंधरा वर्षांपूर्वी मायनस नंबर घालवायला लेसर केलं, आता आमच्याकडे मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं आणि दूरचं पाहायला पुन्हा प्लस दीडचा चष्मा लागला. ‘चुकीची लेन्स बसवली, वर असं होतं कधीकधी म्हणून बोळवण केली.’ दवाखाना माझा आहे, म्हणून उत्तर मीच देतो. तुम्ही इथे सांगितलंत त्यापलीकडचं तुमच्या फाइलमधलं काही मी चारचौघांत बोलणार नाही.

बोळवणीबद्दल माफी मागतो. ते वाक्य कुणाही पेशंटला ऐकवायचं नसतं.

आता लेन्सबद्दल. लेसरने बुबुळाचा, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक काचेचा (कॉर्नियाचा), पुढचा भाग मध्यावर सपाट होतो, मागचा तसाच राहतो. आमचं नेहमीचं मशीन पुढचा बाक मोजतं आणि मागचा ठरावीक प्रमाणात असेल असं धरून चालतं. ते प्रमाणच लेसरने मोडलेलं असतं. त्यामुळे बुबुळाची ताकद आहे त्याहून जास्त दिसते आणि आतली लेन्स कमी ताकदीची निघते. शिवाय लेन्सची ताकद काढायची जुनी सूत्रं त्याच सपाट बाकावरून लेन्स आत किती खोल बसेल हे ठरवतात. बुबुळ सपाट, म्हणजे लेन्स पुढे बसणार आणि ताकद कमी लागणार, असा त्यांचा हिशेब. दोन्ही चुका डोळ्याला प्लसकडेच ढकलतात.

यासाठी बॅरेट ट्रू-के, हायगिस-एल अशी वेगळी सूत्रं आहेत. ती वापरूनही एकाच डोळ्याला एक सूत्र 20 सांगतं, दुसरं 21. लेन्समधला एवढा फरक चष्म्यात साधारण पाऊण नंबराचा होतो. म्हणून आपण मुद्दाम थोडं मायनसकडे झुकतं माप ठेवतो. तरी काही डोळे प्लसमध्ये जातात.

हे तुम्हाला आधी नीट समजायला हवं होतं. संमतीपत्रात तशी ओळ आहे, पण बाहुली मोठी करायचे थेंब घातलेल्या माणसापुढे तो कागद धरला तर त्याला ती ओळ दिसणार कशी? इथे आमचं चुकलं. आता लेसर झालेल्या प्रत्येक पेशंटशी हे बोलणं ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी होईल, आणि लेसरच्या आधीचे कागदही तेव्हाच मागितले जातील.

तुमच्या डोळ्याला अजून वाटा आहेत. नंबर स्थिर झाला की आठवडाभर कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाहा, म्हणजे प्लस गेल्यावर कसं दिसेल ते कळेल. मग लेन्स बदलायची, तिच्यापुढे दुसरी पातळ लेन्स बसवायची, की बुबुळाची जाडी पुरत असेल तर पुन्हा लेसर करायचं, हे ठरवू. बदलायची तर फार दिवस घालवू नका, कारण डोळ्यातल्या ज्या पातळ पिशवीत लेन्स बसवलेली असते, ती लेन्सला घट्ट धरत जाते. आणि एक कळकळीची विनंती. मधल्या काळात कुणी ‘लेन्समागे पिशवीवर जाळी आलीय, लेसरने साफ करू’ म्हणालं तर थांबा. पिशवीचा मागचा पडदा एकदा उघडला की लेन्स बदलणं जोखमीचं होतं. दुसऱ्या डोळ्याचीही घाई नको, या डोळ्यात अंदाज किती चुकला ते तिथला नंबर काढताना उपयोगी पडतं.

तुमच्या सगळ्या मोजमापांच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायच्या असतील तर जरूर घेऊन जा. आमच्याकडे आलात तर फेरतपासणी मी स्वतः करीन, तिचे पैसे घेणार नाही.