शांत पेशंट म्हणजे चांगलं केंद्र? त्या फॉरवर्डला उत्तर

‘डिमेन्शिया केअर सेंटर निवडताय? या सहा गोष्टी बघा, कधीच फसणार नाही’ अशा मथळ्याचा मेसेज सध्या आपल्या खान्देशातल्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. जळगावच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, माहेरच्या अमळनेरच्या ग्रुपवर आला, आणि भुसावळच्या रेल्वे पेन्शनरांच्या ग्रुपवरून आमच्या आप्पांच्या फोनवरही येऊन पडला. आप्पा म्हणजे माझे मोठे सासरे. डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान झाल्यापासून त्यांचा फोन आम्हीच बघतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: जागा चकाचक आणि फिनेलचा वास येणारी हवी. पेशंट शांत बसलेले हवेत. चोवीस तास डॉक्टर हवा. सगळीकडे कॅमेरे हवेत, म्हणजे घरबसल्या मोबाईलवर बघता येतं. पहिला महिना भेटायला अजिबात जाऊ नका, पेशंट रुळतो. त्याला तसंही काही कळत नसतं. आणि पैशाकडे बघू नका, जितकी फी जास्त तितकी सेवा चांगली.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार आपल्याकडे साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. तेव्हा असा सल्ला लोकांना हवाच आहे. पण या सहाही गोष्टी अर्ध्या तासासाठी आलेल्या पाहुण्याला काय बरं वाटतं, त्यावर बेतलेल्या आहेत. आत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, रात्र कशी जाते, याचा त्यात पत्ताच नाही. मुद्दे क्रमाने घेते, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही.

चकाचक फरशीचं आधी. स्वच्छता हवीच, त्यात वाद नाही. पण आरशासारखी चमकणारी फरशी डिमेन्शियाच्या माणसाला ओली वाटते. तो पाय उचलून, बिचकत चालतो आणि पडतो. दारातलं काळं पायपुसणं कित्येकांना खड्डा वाटतं. म्हणून फरशीची चकाकी बघण्यापेक्षा संडासाच्या दाराचा रंग भिंतीपेक्षा वेगळा आहे का, आत धरायला दांडी आहे का, रात्री तिथपर्यंत दिवा असतो का, हे बघा. भर दुपारी सगळीकडे फिनेलचाच घमघमाट असेल तर मला उलट शंका येते. जिथे वीस म्हातारी माणसं राहतात तिथे एखाद्या कोपऱ्यात लघवीचा वास येणारच. अर्ध्या तासाने तो गेलाय का, एवढंच तपासायचं.

एसीपेक्षा पाण्याचं विचारा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो, आणि डिमेन्शियाच्या माणसाला तहान लागली तरी ती सांगता येत नाही, कधी जाणवतही नाही. उशाशी तांब्या भरून ठेवला म्हणजे झालं, असं म्हणणारं केंद्र मी बाद करीन. तासातासाला कोण हातात पेला देतं आणि कोण किती प्यायलं याची वहीत नोंद होते का, ते दाखवायला सांगा.

आता ‘शांत पेशंट’. सगळ्यांत जास्त पटणारा आणि सगळ्यांत घातक मुद्दा हाच.

सकाळी अकराला हॉलमध्ये पंधरा जण टीव्हीसमोर खुर्च्यांवर बसलेत, कुणी बोलत नाही, कुणी उठत नाही, दोघांची मान छातीवर कललेली. बघणाऱ्याला वाटतं, काय शिस्त आहे! डिमेन्शियाची सगळीच माणसं अशी नसतात. बरीच येरझाऱ्या घालतात, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, कपाट उघडतात, दार हलवून बघतात. सगळीच्या सगळी गप्प असतील तर दोन शक्यता आधी तपासा: औषध आणि बंधन.

औषधाचं असं की क्वेटियापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही मुळात मनोविकारांवरची औषधं. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांत ती वापरली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा सर्वांत कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये या गटातल्या नव्या औषधांवर छापायला लावला आणि २००८ मध्ये जुन्या औषधांवरही. पक्षाघाताचा धोका आहे, पडण्याचा आहे. म्हणून ती कधीच द्यायची नाहीत असं नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल, भास होऊन प्रचंड घाबरत असेल, तेव्हा डॉक्टर कमीत कमी मात्रेत, थोडे दिवस देतात. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की निदान दर सहा आठवड्यांनी गरज पुन्हा तपासा. तेव्हा केंद्रात औषधांचा तक्ता मागा आणि तीनच गोष्टी विचारा: ही गोळी कुणी लिहिली, कशासाठी, आणि शेवटचा फेरविचार कधी झाला. ‘रात्री त्रास देतात म्हणून’ हे कारण रात्रपाळीत माणसं कमी असल्याचं असतं, आजाराचं नव्हे.

बंधनाचं त्याहून सरळ आहे. एका ठिकाणी (नाव घेत नाही) एका आजींना खुर्चीला ओढणी गुंडाळून बसवलेलं मी पाहिलं. गाठ पाठीमागे, खुर्चीच्या दांडीला, म्हणजे समोरून आलेल्याला पदरच वाटावा. ‘पडू नयेत म्हणून’ असं उत्तर मिळालं. बांधलेल्या माणसाचे पाय काही आठवड्यांत लुळे पडतात, माकडहाडाला जखम होते, आणि सुटायच्या धडपडीत तो खुर्चीसकट पडतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भानाचे विकारही येतात. याच कायद्यात साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. बाकीचं बंधन तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून आणि गरजेपुरताच वेळ. कर्मचारी अपुरे आहेत हे कारण चालणार नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं ट्रस्टचं रजिस्ट्रेशन ही देखभालीची परवानगी नव्हे. मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका.

मग चांगलं केंद्र कसं दिसतं? सकाळी अकराला कळत नाही. दिवेलागणीला जा. या आजारात बऱ्याच जणांची घालमेल ऊन कललं की सुरू होते. आम्ही पाहिलेल्या एका साध्याशा जागेत एक बाबा पिशवी काखेत मारून फाटकाशी उभे होते: ‘माले घर जानं शे.’ तिथली मावशी ‘हेच तुमचं घर’ म्हणाली नाही, ‘मुलगा उद्या येणारे’ अशी थापही मारली नाही. म्हणाली, ‘चला बाबा, मी येते ना सोबत. गाय कोण सोडतं तुमची?’ दोघं अंगणाला दोन चकरा मारून आले, बोलता बोलता पिशवी तिच्या हातात गेली आणि बाबा चहाला बसले. ही जागा शांत नव्हती. एक आजी जोरजोरात गौराईचं गाणं म्हणत होत्या, कुणीतरी वाटाणे सोलता सोलता सांडले होते. आप्पांसाठी आम्ही तीच निवडली.

त्यातच भाषेचं आलं. तापीकाठच्या खेड्यात आयुष्य काढलेल्या म्हातारीला आजार वाढला की शाळेतली मराठीही परकी होते, अहिराणी तेवढी उरते. पुण्याच्या भारी केंद्रात परप्रांतातून आलेली मुलगी कितीही मायाळू असली तरी ‘पोटात दुखतंय’ हे तिला कळणार कसं?

चोवीस तास डॉक्टर: पाटी असते, माणूस बहुतेक वेळा फोनवर असतो. खरं तर डिमेन्शियाच्या देखभालीत डॉक्टर रोज अर्धा तास आला तरी भागतं; मावश्या आणि दादा मात्र चोवीस तास लागतात. रात्री दोन वाजता किती जण जागे असतात ते विचारा, आणि मालकाला न विचारता एखाद्या मावशीलाच विचारा, ‘ताई, इथे किती वर्षं झाली?’ दर दोन महिन्यांनी माणसं बदलत असतील तर आप्पांना चहा बिनसाखरेचा लागतो हे लक्षात ठेवणारं कुणी उरत नाही.

डॉक्टरची परीक्षा मी एकाच प्रश्नाने घेते: ‘कालपर्यंत बरा असलेला पेशंट आज अचानक बरळायला लागला, तर काय करता?’ ‘आजार वाढला’ असं उत्तर आलं की उठा. डिमेन्शिया महिन्यांत, वर्षांत वाढतो. एका रात्रीत बिघडलं तर लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, छातीत कफ, नवी गोळी असं काहीतरी मागे असतं आणि ते बरं होऊ शकतं.

कॅमेऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. हॉलमध्ये असावेत. पण मारहाण, घसरून पडणं, डायपर तासन्‌तास न बदलणं हे सगळं न्हाणीघरात आणि पडद्यामागे होतं. तिथे कॅमेरा नसतो आणि नसावाच. मोबाईलवर दिसत नाही ते हाताने बघायचं. टाचा, कमरेची हाडं, माकडहाड. तिथे लाल डाग असेल तर बोटाने दाबा. लाली क्षणभर गेली नाही तर जखमेची ती सुरुवात आहे. चष्मा पुसलेला आहे का, आणि त्यांचाच आहे का? कवळ्या एकमेकांच्या तोंडात जातात, हसू नका, जातात. वजनाची वही बघा: ६० किलोच्या माणसाचं महिन्यात ३ किलो घटलं तर ती धोक्याची घंटा आहे. आणि जेवणाच्या वेळी थांबा. भरवणारी व्यक्ती समोर बसून भरवते की उभ्याने चमचे कोंबते? भाकर वरणात नीट कुस्करलीय का? घास गिळल्याची वाट बघते का? आडवं पाडून भरवलेला घास श्वासनळीत जातो, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया या आजारात जीव घेतो.

‘पहिला महिना भेटू नका’ हे वाचून मला खरोखर राग आला. नवी जागा, नवे चेहरे, नवा संडास: पडण्याचा, जेवण सोडण्याचा, भ्रम होण्याचा धोका याच दिवसांत जास्त. आणि नेमके याच दिवसांत ज्यांना माणसाची खडान्‌खडा माहिती, त्यांनाच दाराबाहेर ठेवायचं? आप्पा रात्री तीनला उठून चपला शोधतात ते पळून जायला नव्हे. भुसावळला त्यांनी रेल्वेत गार्ड म्हणून रात्रीच्या ड्यूट्या केल्यात. हे आम्ही सांगितलं, तेव्हा रात्रपाळीच्या दादाने ‘गाडी लेट आहे आप्पा, पडा जरा’ म्हणायला सुरुवात केली. असं पानभर लिहून द्या: काम काय करायचे, कुठल्या नावाने हाक मारली की ओ देतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) काय खायचे, कशाला घाबरतात.

भेटीनंतर रडतात, हे खरं. त्यावर उपाय वेळेचा आहे. चहाच्या आधी निघा, दारातला निरोपसमारंभ टाळा, तिथल्या माणसाला सांगून हळूच उठा. ‘त्यांना काही कळत नाही’ हे तर साफ चूक. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने काय पाहिलं ते त्यांना फारसं आठवेना, पण ते दुःख, तो आनंद मनात टिकून होता. तुम्ही येऊन गेलात हे आप्पा विसरतील; बरं वाटलेलं राहतं, आणि कुणी खेकसलेलंही राहतं.

म्हणून माझं मत असं की आठवड्याला एसटीने जाता येईल अशी साधी, कधीही आत येऊ देणारी जागा रात्रभर ट्रॅव्हल्सने जावं लागणाऱ्या नावाजलेल्या केंद्रापेक्षा बरी. ‘भेटीची वेळ फक्त रविवारी चार ते पाच’ असा बोर्ड दिसला की समजून जा. गैरप्रकार दिसला तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

राहिली फी. जास्त फीमध्ये बऱ्याचदा लॉबी आणि जाहिरात येते. आकडा ऐकण्याआधी डायपर, औषधं, फिजिओथेरपी, दवाखान्यात सोबत जाणारा माणूस यांतलं काय वेगळं लावणार ते कागदावर मागा. अनामत किती दिवसांत परत, तेही. आणि जो प्रश्न दाखल करताना कुणी विचारत नाही तो विचारा: आप्पा उद्या अंथरुणाला खिळले, गिळता येईना, तर ठेवणार की ‘आता घरी न्या’ म्हणणार? काही जागा चालत्या-फिरत्या पेशंटपुरत्याच असतात आणि तोंडी ‘बघू हो, आपलीच माणसं आहेत’ म्हणतात. ते ‘बघू’ करारात घालून घ्या, नाहीतर सही करू नका.